साखळी ओढल्यावर पाणी

९ जून
सांगतेय मी, लिहितेय नात, पल्लवी. जळगावला नुसतं ज. लिहिते, धुळ्याला धु. आळशी कुठली!
बी.एस्सी. झाली. आता एम.एस्सी. म्हणते, तीही पिकावर फवारायच्या औषधांची. कॉलेजं दोनच. ज.चं रिक्षाने दहा मिनिटं. धु.ला होस्टेल. पहिली पसंती कुठल्या कॉलेजला, ते १९ तारखेपर्यंत फॉर्मात भरायचं.
म्हटलं, "जगात शिकायला दुसरं काही उरलं नाही का?" हसली. मीही हसले. खरं तर घाबरले, ते लिहू नको. (लिहिलंच.)

११ जून
ज.चं बघून आलो. लॅबमध्ये भिंतीला नळ, तोंड वर केलेला. शेजारी साखळी. लॅबवाल्या भाऊला विचारलं, "हाई काय शे?" म्हणे, डोळ्यांत काही उडालं तर धुवायला.
"ओढू?"
"ओढा की अक्का."
ओढली. नळ खोकला. एक कोळी बाहेर आला.
"आज पाण्याचा वार नाही," भाऊ म्हणाला.
"डोळ्याला वार कळतो का?"
सगळे हसले. मी साखळी पुन्हा एकदा ओढून बघितली.

१२ जून
डावा डोळा कसा गेला, ते पल्लवीला दर वेळी वेगळं सांगितलं. कावळ्याने नेला. आजोबांना बघून मिटला तो उघडलाच नाही.
आज खरं सांगितलं. कपाशीची फवारणी. मी बादलीत औषध कालवत होते, काठी निसटली, उडालं. विहिरीवर लाइट नव्हती, मोटर बंद. जाऊ धावत आली, प्यायच्या पाण्याची घागर तोंडावर ओतली. उजवा वाचला. डाव्याला पाणी पुरलं नाही.
पेन थांबलं. "लिही वं माय."
मग म्हणे, "ज.ला मी बादली भरून ठेवीन ना."
बादली तेव्हाही होती. तिच्यातच औषध होतं.

१५ जून
एस.टी.ने धु. इथल्या लॅबमध्येही साखळी, नळ मात्र डोक्यावर. कुणी अडवायच्या आत साखळी ओढली. डोक्यापासून भिजले! लुगडं गळतंय, मॅडम रागावतायत, पल्लवी दुसऱ्याच कुणाची नात असल्यासारखी खिडकीबाहेर बघतेय. मी खूश.
परतीच्या गाडीत हुडहुडी भरली. तिथं पाणी शे. पण घागर ओतणारी जाऊ कुठे शे? डोळे मिटलेल्या पोरीला साखळीपर्यंत नेणार कोण...

१८ जून
मुलगा, म्हणजे हिचा बाप, म्हणतो ज.च. "डोळ्यासमोर राहील." म्हटलं, "कुठल्या?" हसला नाही.
पल्लवी डोळे मिटून स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत चालली. दोनदा पाटाला अडखळली. तिसऱ्यांदा नळ सापडला. "बघ आजी, जमतं."
बघितलं. भीती हलली नाही.

१९ जून
फॉर्म आजच. मोबाईल माझ्या हातात, पेन तिच्या. वर ज., खाली धु. धु. धरून वर सरकवलं की ते पहिलं. म्हणे, "तू म्हणशील ते."
जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेल्याखाली अंगठे उमटवले. आज अंगठ्यालाच विचारतायत.
"तुला काय हवंय गं?"
"मला दोन्हीकडची भीती वाटते."
मग आधी बोलायचं ना, सटवे. मला वाटलं मी एकटीच.
अंगठा धु.वर टेकलाय. सरकवला नाही अजून. पल्लवी, ठेव ते पेन. हात धर माझा, मग दोघींनी मिळून वर