उत्तरेच्या बेटाची हद्द

८ सप्टेंबर

ती. दादास, शि. सा. न.

आमच्या पाणथळीला अभयारण्य करणाऱ्या कायद्याचा मसुदा मिळाला. तू लिहिलेला, म्हणून कौतुकाने उघडला आणि कपाळाला हात लावला. नकाशा उन्हाळ्यातल्या मोजणीचा. तेव्हा उत्तरेचं गवताळ बेट कोरडं असतं, म्हणून ते हद्दीबाहेर! पक्षी अंडी घालतात ती तिथेच. मग आम्ही रक्षकांनी राखायचं काय, फाटक?

हे पत्र नेहमीसारखं लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवू नकोस. वहिनीला नमस्कार.

तुझी टिटवी

१३ सप्टेंबर

चि. टिटवीस, अ. आ.

लाल पेन उचललं होतं, खाली ठेवलं. चूक माझी आहे. नकाशा मी न तपासता जोडला. आता हद्द फक्त विधिमंडळाची समितीच बदलू शकते, तीही लेखी पुराव्यावर. मला न हलणाऱ्या खुणा हव्यात. झाड पडतं, कुंपण सरकतं. महिन्याभरात कळव. तब्येतीला जप.

दादा

३० सप्टेंबर

ती. दादास, शि. सा. न.

पाणी सगळ्यात वर चढलं तेव्हा काठाकाठाने नऊ दिवस चालले आणि एकोणतीस खडकांवर छिन्नीने खुणा कोरल्या. यादी सोबत आहे. या खुणांच्या आत जे काही आहे, ते पक्ष्यांचं. थोडा ताप आहे, घरी सांगू नकोस.

दरवर्षीच्या निधीचं कलम अर्थखात्याच्या साहेबांनी खोडलं म्हणे. त्यांना एकदा कमरेएवढ्या चिखलात उभं करायला हवं.

टिटवी

२१ ऑक्टोबर

चि. टिटवीस, अ. आ.

ताप उतरला का, ते आधी कळव.

पुरावा समितीपुढे पूर्ण वाचावा लागतो. मी घाईत यादीऐवजी तुझं अख्खं पत्रच जोडलं होतं. साहेब समोरच बसलेले, आणि कारकून खणखणीत आवाजात चिखलापर्यंत पोचला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी चष्मा पुसला आणि हे नऊ दिवस चालणारे रक्षक किती आहेत, असं विचारलं. एकच, आणि ती माझी बहीण, असं मी सांगितलं. त्यांनी निधीचं कलम परत घालायला लावलं.

काल कायदा मंजूर झाला. उत्तरेचं बेट आत आहे. तुझा फार अभिमान वाटतो, टिटवे. तोंडावर सांगायला मला जमलं नसतं.

परिशिष्टात हद्दीचं वाक्य तुझंच आहे: ‘या खुणांच्या आत जे काही आहे, ते पक्ष्यांचं.’ लहानपणी तुझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली, पुढे तुझी पत्रं वर्षानुवर्षं लाल केली. या वाक्यातला स्वल्पविरामही मी हलवला नाही.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा