एक ट्रान्झिस्टर हलका

मेहरूण, मंगळवार, संध्याकाळ

अक्काचं दम्याचं वाफेचं मशीन लाइट गेली की बंद पडतं. म्हणून बॅटरीवरचा इन्व्हर्टर घरीच बनवतोय. त्यातले वीज पेलणारे चारही सुटे भाग, म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टर, एकाच दुकानातून आणले, छापही एकच. तरी एक हाताला हलका लागत होता. की माझा भास?

शेवटी शेजारच्या सोनार नानांच्या काट्यावर ठेवले. नाना म्हणाले, "काय भाऊ, याचे डूल घडवू का?" तीन सारखे भरले. चौथा खरंच हलका. नकली असणार. पण वजन सारखं म्हणून बाकीचे तीन अस्सल, हे तरी कशावरून?

इन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंना सारख्याच संख्येने लागतात आणि उरले तीन, म्हणून दोन-दोनऐवजी एकेकच लावला. ताकद निम्मी; पंखा चालणार नाही, मशीन चालेल.

"मशीन लावू का आता?" अक्काने विचारलं.

"आधी तासभर त्यावर बल्ब लावून बघतो."

"माझ्यापेक्षा त्या बल्बवरच जीव तुझा!"

ट्रान्झिस्टर तापतात का ते बघायला त्यांच्या मागच्या पत्र्यावर बोट ठेवून बसलो. तो हलका लावला असता आणि तिला दम लागलेला असतानाच जळला असता तर?

तासभर पत्रा कोमटच राहिला. तरी अक्काला म्हणालो, अजून एक तास थांब.