सहावं कारण

१८ जून, सकाळी ६.१०
ठरलं. यंदा दहावीला क्रांती शिकवायची, क्रांतीची पाच कारणं नाही. एकवीस वर्षं तीच पाच फळ्यावर लिहितोय: जाचक कर, दुष्काळ, दुबळा राजा, रिकामा खजिना, नवे विचार. पाच कारणं, पाच मार्क. अरे, उपाशी माणूस निजतो. ज्याच्या तोंडावर थुंकतात तो उठतो! सहावं कारण अपमान. ते पुस्तकात नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांचा कधी कुणी केला नाही.
गाईड बंद. डिक्टेशन बंद. राजीनामा खिशात आहेच. (अकरा वर्षं.)

१९ जून
मुख्याध्यापिकाबाईंना योजना सांगितली. म्हणाल्या, सर, मागच्या वर्षी निकाल तुमच्याच विषयानं खाल्ला. यंदा पूर्वपरीक्षेत घसरला तर दहावी पीटीच्या सरांना देईन, तुम्ही पाचवी घ्या. मी हसलो. अशा धमक्यांना इतिहास हसत आला आहे. पीटीच्या सरांना शतक म्हटलं की क्रिकेट आठवतं. आणि पाचवीला आदिमानव आहे. आदिमानवासाठी भाषण काय करणार?

२४ जून
पस्तीस मिनिटांपैकी तेहेतीस बोललो. राजाच्या लहानपणापर्यंत पोचलो. वर्ग तल्लीन. बेचाळीस माना खाली, सगळे लिहितायत. लिहू नका म्हणालो. तेही लिहिलं असावं. एवढ्यात मैदानावरून पीटीचे सर धावत आले. वाटलं, शब्द तिथवर पोचले. म्हणाले, सर, जरा हळू, पोरांना शिट्टी ऐकू येत नाही.

२ जुलै
कन्या याच वर्गात. शाळेत सर म्हणते, घरी बाबा. आज माझ्या टिपणांच्या वहीत तिनं लपवलेलं गाईड सापडलं. जप्त. बायको म्हणाली, अहो, तुम्ही खुशाल क्रांती करा, पण पोरीला सायन्स हवंय. शाळेच्या अकरावी सायन्सची यादी पूर्वपरीक्षेच्या मार्कांवर लागते. दोन-तीन मार्कांनी हुकली तर तिची समजूत तुम्ही घालायची, मी नाही.
कन्येला शब्द दिला: तू बेधडक सहावं कारण लिही. मार्क द्यायचं माझ्याकडे लागलं.

२० नोव्हेंबर
लिखाणात थोडा खंड. सिलॅबस किंचित मागे. राजा अजून गादीवर आहे.

१८ जानेवारी, दुपारी ३
पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायला घेतले. पहिलाच पेपर: 'मित्रहो, उपाशी माणूस निजतो, ज्याच्या तोंडावर थुंकतात तो उठतो!' अंगावर काटा आला. पेरलं ते उगवलं!
पुढची ओळ: 'मागचा बाक, गप्प बसा. खिडकी लाव रे, शिट्टीनं जीव घेतलाय.'
दुसरा पेपर: तेच. तिसरा: तेच, वर मी खोकलो तेही कंसात.

दुपारी ५
एक्केचाळीस पेपर, एक्केचाळीस खिडक्या. उत्तरसूची पाहिली: पाच कारणांना पाच गुण, अन्य मजकुरास गुण नाहीत. खाली तयार करणाऱ्याची सही. माझी. एकवीस वर्षांपूर्वीची. तेव्हा अक्षर बरं होतं.
बेचाळिसावा पेपर कन्येचा. त्यात खिडकी नाही. सहावं कारण मात्र तिच्या स्वतःच्या भाषेत, दीड पान. माझ्यापेक्षा बरं मांडलंय. (थोडंसंच.) शून्य दिलं. बाकी एक्केचाळिसांना शून्य देऊन पोटच्या पोरीला पाच कसे देणार? इतिहासाला नातीगोती नसतात.

२२ जानेवारी
सायन्सची यादी लागली. कन्या तीन मार्कांनी बाहेर. रडली नाही. जेवताना म्हणाली, सर, पाणी द्या. घरी.
बायकोनं पाण्याचा तांब्या माझ्यासमोर आपटला. तो आवाज सगळ्या आळीला ऐकू गेला असावा.

२३ जानेवारी
बाईंकडे गेलो. विनंती वगैरे नाही, तात्त्विक चर्चा. त्यांनी अट घातली: त्या एका प्रश्नाची फेरपरीक्षा घेऊ, सगळ्या वर्गाची, नि यादी पुन्हा लावू. पण उद्या वर्गात माझ्यासमोर पाच कारणं लिहून द्यायची, नि परवापासून तुम्ही पाचवीला. मी विचार करून सांगतो म्हणालो. सांगून दारापर्यंत गेलो आणि परत येऊन हो म्हणालो.
उद्या मात्र वर्गातच राजीनामा काढणार. सर्वांदेखत!

२४ जानेवारी
बाई मागच्या बाकावर बसल्या. वर्गादेखत म्हणाल्या, हं सर, कारणं. तेवढीच. भाषण नको.
बेचाळीस जण माझ्याकडे बघत राहिले. असल्याच क्षणी सिंहासनं कोसळतात. खिशात हात घातला. राजीनामा काढला. उलगडला. त्याच्या पाठकोऱ्या बाजूला सकाळीच पाचही कारणं उतरवून आणली होती; ऐन वेळी चौथं विसरतो. क्रमानं फळ्यावर लिहिली.
कन्येनं हात वर केला. सर, सहावं लिहायचं?
परीक्षेला नाही ते, म्हणालो.
ती लिहू लागली. मैदानावर शिट्टी वाजली. खिडकी मीच लावली.