शंभराच्या आतले घर

मी, सत्यशीला प्रफुल्ल मनवर, वय ४६ वर्षे, धंदा साड्यांना फॉल-पिको, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. येत्या पंधरा तारखेला नागपूरला माझ्या पोटातल्या गाठीचे ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर म्हणाले, पण ज्या कागदावर त्यांनी माझी सही घेतली तो मी मागूनपुढून पूर्ण वाचला. छापलेले सगळे वाचायची सवय मला उशिरा लागली. ती कशी लागली ते पुढे येईल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. जे माझे आहे त्याची वाटणी अशी.

कलम १. घर. पुढच्या दोन खोल्या विटांच्या, मागची खोली टिनाची, समोर ओसरी. हे घर माझे सासरे, कालकथित उकंडा मनवर यांनी जिनिंगमधल्या पगारातून बांधले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे पती प्रफुल्ल, २०१६ साली काविळीने गेले. पुढच्या वर्षी सासऱ्यांनी, त्यांना मी मामाजी म्हणत असे, घर रीतसर नोंदणी करून माझ्या नावे केले. नातेवाइकांनी विचारले, सुनेच्या नावावर? मामाजी म्हणाले, "मंग काय मीटरच्या नावावर करू? घरात तेवढे दोघंच तर जागे राह्यते." मी तेव्हा रोज विजेचे मीटर पाहू लागले होते, त्यावरून ते मला असे चिडवत.

हे घर मी माझी एकुलती मुलगी मैत्रेयी, वय २२, हिला देते. ती नागपूरला नर्स आहे. चौदा एप्रिलला येते, दोन दिवस राहते आणि मागच्या खोलीत पाय ठेवत नाही. मे महिन्यात ती सहा वर्षांत एकदाही आलेली नाही. मागे फोनवर घराचा विषय काढला तर म्हणाली, "कोणालेबी दे. मले ते खोली नोको."

खोली वगळून घर कसे देणार? म्हणून मैत्रेयीला विनंती की तिने घर पूर्ण घ्यावे. नाहीच घेतले तर प्रफुल्ल यांचे चुलतभाऊ धम्मरत्न मनवर यांनी ते विकून पैसे तिलाच द्यावेत. पण तिने घ्यावे, ही माझी इच्छा आहे, आणि हे एवढे लिहिण्याचे कारणही तेच आहे.

कलम २. चार वह्या. लोखंडी कपाटात वरच्या खणात आहेत. २०१६ ते २०१९ या काळातले मीटरचे रोजचे आकडे त्यात आहेत. बाजारात त्यांची किंमत शून्य आहे. त्या मैत्रेयीला.

प्रफुल्ल आजारी असताना दोन बिले भरायची राहिली. ते गेले आणि तिसऱ्या आठवड्यात वायरमनने शिडी लावून खांबावरून आमची तार काढली. तो ओशाळून म्हणाला, "ताई, माह्या हातात काही नाही." गल्ली ओट्यांवर उभी होती. मैत्रेयी तेरा वर्षांची होती. तिने आतून खिडकी लावून घेतली. त्या दिवशी मी मनाशी ठरवले की या घराचे बिल पुन्हा माझ्या हाताबाहेर जाणार नाही.

थकबाकी भरायला गेले तेव्हा रांगेतल्या पुढच्या बाईने मला समजावले, "बाई, शंभरावर एक जरी युनिट गेलं ना, का सारं बिल वरच्या भावानं लागते." ती चांगल्या मनाने बोलली. मी ते खरे मानले. महिन्याला शंभर, म्हणजे दिवसाला तीन. रोज सकाळी सहाला ओसरीत उभी राहून मी आकडा वाचायची आणि कालच्या आकड्यातून वजा करायची. तीनच्या वर गेले तर संध्याकाळपर्यंत माझे कोणाशी धड बोलणे होत नसे.

सुरुवातीला मी जे केले ते चांगले होते, ते मैत्रेयीने पुढेही करावे. टिनावर दर मार्चमध्ये पांढरा चुना दोन हात मारावा. खालची खोली हाताला कळण्याइतकी निवते. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा आणि दाराचे रबर सैल झाले की बदलावे. जुना पंखा तापत असेल तर त्याच्यावर माया करू नये, कमी विजेचा नवा घ्यावा. कूलर खिडकीबाहेर सावलीत असावा आणि समोरची खिडकी उघडी असावी, नाहीतर तो नुसता दमटपणा करतो. वाळ्याच्या ताट्या दर उन्हाळ्यात नव्या. वर्षातून एकदा घरातली सगळी बटणे बंद करून मीटरचा लाल दिवा पाहावा. तरीही तो लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज वाहून जाते आहे असे समजून मोटार वाइंडिंगवाल्या रहेमान भाईंना बोलवावे.

या सगळ्याने युनिट खरेच वाचले आणि कोणाला त्रास झाला नाही. मी इथे थांबायला हवे होते.

शंभर हा आकडा वर्षभर जमायचा, उन्हाळ्यात जमायचा नाही. मग मी कूलरला वेळ बांधून दिली. दुपारी बारा ते एक. नंतर पंखा. टिनाखालच्या खोलीत मामाजी झोपायचे. त्यांना कधी विचारले तर म्हणायचे, "जिनात कापसाच्या गंजीवर झोपलेला माणूस हाव मी. मले काय गरमी?" मला ते ऐकायला सोयीचे होते.

दहावीची परीक्षा देऊन मैत्रेयी त्या सुट्टीत घरी होती. एके दुपारी तिने कूलर तीन तास चालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत चार आले. मी तिच्यावर ओरडले. तिने बिल आणून माझ्यासमोर उलटून धरले. "आई, हे वाच नं. शंभरपर्यंत एक भाव. त्याच्यावर जेवढे जातीन तेवढ्यालेच वरचा भाव. सारं बिल नाही वाढत. तू कायले आबाजीले भाजून राह्यली?"

मी म्हणाले, "दहावी झाली त लई शहाणी झाली काय? बिल तू भरते का मी?"

आणि तिला मामाकडे पुसदला पाठवून दिले. सगळ्यांना सांगितले की सुट्टी आहे, पोरगी जरा फिरून येईल. खरे कारण आजपर्यंत मी कोणालाही सांगितले नाही. ती घरात असली की आकडा वर जात होता. एवढेच कारण होते.

कलम ३. कूलर. तोही मैत्रेयीला. पत्र्याचा आहे, मोठा, प्रफुल्ल यांनी मागच्या खोलीच्या खिडकीला स्वतः बसवलेला.

१९ मे २०१९. लग्नसराई होती. मी ज्या कापडाच्या दुकानात पिकोला बसत असे, तिथे गिऱ्हाइकांसाठी एसी होता. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा मी त्या गारव्यात बसायची. दुपारनंतर तर अंगावर ओढणी घ्यायची. त्या दिवशी घरी आले तेव्हा मामाजी खाटेवर पडले होते. अंग तापले होते, पण घाम नव्हता. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. डॉक्टरांनी वय झाले होते असे सांगितले. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते, हे खरेच आहे.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या मोतीबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुले सांगू का नोको सांगू, पोरी. तू गल्लीच्या वळणाले गेली का बुढा तो एक तासबी कूलर लावत नव्हता. म्या म्हटलं, काहून हो, लावा नं? तर म्हने, सूनबाईचा आकडा मोडला का तिचं तोंड उतरते. बाई, त्याईले तुहं उतरलेलं तोंड पाहवत नव्हतं."

पाच दिवसांनी बिल आले. ८८ युनिट. ते वाचताना एक क्षण, डोळ्याची पापणी लवेल एवढाच, मला बरे वाटले. हे मी कोणाला सांगितलेले नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये, म्हणून इथे लिहिते.

पुढे दोन महिन्यांनी मी बिल उलटून वाचले. मैत्रेयीचे बरोबर होते. पहिल्या शंभरांचा भाव तोच राहतो; वरचे जेवढे, तेवढेच महाग. मी कागद घेऊन हिशेब केला. दुपारचे चार तास कूलर चालला असता तर महिन्याला पंचवीसेक युनिट वाढले असते आणि बिल पावणेतीनशे रुपयांनी. मला ते झेपले असते. ती ओळ दर महिन्याला छापून माझ्या घरात येत होती, आणि मी तो कागद फक्त पुढून वाचून खिळ्याला टोचत होते. त्यानंतर मी वही लिहिली नाही.

रहेमान भाईंना विचारले असते तरी एका वाक्यात उलगडा झाला असता. विचारले नाही, कारण हिला पैशाची चणचण आहे असे त्यांना वाटू नये.

कलम ४. मामाजींचा जिनिंगमधला पितळी डबा आणि त्यांची काठी माझी नणंद उर्वशी हिला. अंत्यविधीला आलेल्या लोकांसमोर ती म्हणाली होती, "माह्या बापाले तुह्या मीटरनं मारलं." सहा वर्षे मी तिच्याशी बोलले नाही. माझा राग असा होता की ती चारचौघांत बोलली. ती चुकीचे बोलली असे मी मनातसुद्धा कधी म्हणू शकले नाही. राग मी इथे सोडते. डबा तिला माझ्या हाताने द्यायला हवा होता.

कलम ५. प्रफुल्ल यांची पान्यांची पेटी, टेस्टर आणि वाइंडिंगचे सामान, मोटार वाइंडिंगच्या दुकानातले त्यांचे भागीदार रहेमान भाई यांना.

(हे कलम रद्द. कारण शेवटी लिहिले आहे.)

कलम ६. बँकेतली माझी एक लाख चाळीस हजारांची ठेव. तिचे दरवर्षीचे व्याज मागच्या खोलीच्या विजेला लावावे. एप्रिल ते जून, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, त्या खोलीत कूलर चालू राहावा, आणि मोतीबाई व गल्लीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांची घरे टिनाची आहेत त्यांनी तिथे येऊन पडावे. त्यांच्याकडून काही घेऊ नये. युनिट किती झाले हे त्यांच्यासमोर बोलू नये. मूळ रक्कम मैत्रेयीची. घर विकावे लागले तर हे कलम आपोआप संपेल. त्याची सक्ती मी तिच्यावर करत नाही. सक्ती करून मी पुष्कळ मिळवले आहे.

कलम ७. पिकोची मशीन दुकानातल्या वैष्णवीला. पट्टा नवा आहे. उन्हाळ्यात तिने एसीच्या झोताखाली बसू नये, मान धरते.

सही करण्याआधीची नोंद.

आज सकाळच्या बसने मैत्रेयी आली. ऑपरेशनसाठी मला न्यायला सुट्टी टाकून आली आहे. साक्षीदार म्हणून धम्मरत्न भाऊजी आणि रहेमान भाई ओसरीत बसले होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार असू नये, असे भाऊजींनी सांगितले. रहेमान भाई म्हणाले, "म्हणजे पाने भेटले त सही नाही, अन् सही केली त पाने नाही? मंग ताई, पेटी जितेपणीच देऊन टाका नं. मेल्यावरची वाट कोण पाह्यते?" म्हणून पेटी मी आत्ताच त्यांच्या हातात दिली आणि कलम ५ रद्द केले.

मैत्रेयीने हे सगळे उभ्यानेच वाचले. दुसऱ्या कलमापाशी थांबली.

"मले पुसदला आकड्यासाठी पाठवलं होतं?"

मी हो म्हणाले.

"मले वाटे, मी उलटून बोलली म्हणून पाठवलं." ती कागदाकडेच पाहत होती. "सहा वर्षं मले वाटून राह्यलं, आई, का मी गप बसली असती त इथंच असती. आबाजीजवळ असती. म्या कूलर बंद होऊ दिला नसता."

मला हे माहीत नव्हते. ती माझ्यावर रागावली आहे, एवढेच मी समजत होते. आणि तेवढे समजून मी त्यात राहायला शिकले होते. मी उठून तिच्या हाताला धरायला गेले.

"आत्ता नोको," ती म्हणाली. "सही कर तू. लोकं बसले हाय."

आणि कागद माझ्या मांडीवर ठेवून ती आत गेली. स्वयंपाकघराच्या पुढे गेली. मागच्या खोलीची कडी निघाल्याचा आवाज आम्ही तिघांनी ऐकला. दुपारचे सव्वा वाजले होते.

आम्ही बसलो होतो त्या बाकाच्या वरच, भिंतीवर मीटर आहे. लाल दिवा आतापर्यंत रमतगमत लुकलुकत होता, तो एकदम भरभर लुकलुकू लागला. रहेमान भाईंनी वर पाहिले. म्हणाले, "ताई, लोड वाढला."

मी म्हणाले, "वाढू द्या."

आत ती बराच वेळ होती. मी पेन घेतले. आकडा वाचला नाही.

वरील सर्व मी लिहिले, वाचून पाहिले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली. त्यांनीही माझ्यासमोरच सह्या केल्या.

(सही) सत्यशीला प्रफुल्ल मनवर

साक्षीदार:
१. (सही) धम्मरत्न मनवर, शिक्षक, दिग्रस
२. (सही) रहेमान शेख, मोटार वाइंडिंग, दिग्रस

स्थळ: दिग्रस, राहत्या घराची ओसरी
दिनांक: ४ मे २०२५