सही नाहीतर दाखला

मंगळवार, दिवेलागण

घरकुलाच्या अर्जासाठी आज सासूबाईंना घेऊन पालिकेत गेलते. माझा नवरा चार वर्षांमागं कामाला म्हणून गेला, तो परतलाच नाही. क्लार्क म्हणाला, "वहिनी, नवऱ्याची सही आणा, नाहीतर मृत्यूचा दाखला." सासूबाईच ओरडल्या, "माझा लेक जित्ता हाय की!" अर्ज परत हातात आला.

जित्ता हाय. कशावरनं? पण त्या माउलीला कसं विचारू? इकडं पेठेतली ही खोली घरमालकाला दिवाळीपर्यंत रिकामी हवी. कुणाकडं जाऊ, कळत नाही.

मघाशी भाकरी थापताना सासूबाईंना विचारलं, "आत्ती, घर नको का तुम्हाला?"

"हवं की. पण त्यो आला तर हितंच येणार. नवं दार त्याला कोण दावणार?"

मी दावीन, एवढंही म्हणवेना.