घाई नाही, जमलं तर बघा

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज लिफ्टचा मेकॅनिक थेट माझ्या टेबलाशी! हाताला ग्रीस तसंच. "मॅडम, तुमच्या त्या एजंटला आवरा. बटणाचा दिवा गेला म्हणून मला भरल्या ताटावरून उठवतो!" तीन दिवसांत एक्केचाळीस वेळा बोलावलं म्हणे. आमच्या कंपनीच्या लिफ्टच्या तक्रारी आता चॅटवर एआय एजंट घेतो. त्याच्याकडे सहा टूल्स — तक्रार नोंदवा, तारीख द्या, ड्युटीवरच्या माणसाला बोलवा वगैरे. कितीदा सांगू यांना, त्याला टूलच्या आतलं काही दिसत नाही. दिसतं ते फक्त मी लिहिलेलं वर्णन. त्या दोन ओळींवरून तो ठरवतो, कुठलं टूल केव्हा वापरायचं.

"मग नीट लिहा जरा," साहेब म्हणाले. म्हणजे एरवी मी झोपेत लिहिते!

त्यात आईचे तीन फोन. शेगडी दुरुस्त करणारा येऊन गेला. माझा शाळेतला स्वेटर सापडला. तिसऱ्यांदा काय होतं ते ऐकूनच घेतलं नाही. "आई, खरंच तातडीचं असेल तरच ऑफिसात फोन करत जा गं."

"बरं," म्हणाली. एवढंच.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

'माणसाला बोलवा'चं वर्णन बदललं. "खरोखर तातडीचे असेल तेव्हाच वापरावे. एरवी टाळावे." घ्या!

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तीन दिवसांत मेकॅनिकला एकही बोलावणं नाही. स्वतः चहा घेऊन आला माझ्यासाठी. साहेबही खूश.

आईचाही फोन नाही. शांतता आहे. मग मी सारखी मोबाइल उलटा-सुलटा करून का बघतेय?

रविवार, १० नोव्हेंबर

आईला मीच फोन केला. "बरी आहेस ना?" "हो गं, मस्त." दोन मिनिटं. कपडे वाळत घालायचे होते मला.

सोमवार, ११ नोव्हेंबर

शनिवारी एक शिक्षिका लिफ्टमध्ये अडकल्या. दोन तास चाळीस मिनिटं! शेवटी वॉचमनला दारावरच्या थापा ऐकू आल्या. बाई सुखरूप आहेत.

एजंटशी झालेलं बोलणं सगळं वाचलं. बाईंनी लिहिलं होतं, "माफ करा, त्रास देतेय. लिफ्ट मध्येच थांबलीय. घाई नाही, जमलं तर बघा." आणि एजंटची नोंद — "व्यक्ती शांत आहे. घाई नसल्याचे सांगते. तातडीचे दिसत नाही." तक्रार नोंदवली, बुधवारची तारीख दिली, आभार मानले. माझा शब्द न् शब्द पाळला त्यानं.

"ते एआय मॉडेलच ढ आहे," साहेब म्हणाले. मी मान डोलावली. भित्री कुठली!

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सकाळी जाऊन सांगून टाकलं — मॉडेल नाही, माझं वाक्य. तातडीचं म्हणजे काय, हे मी लिहिलंच नव्हतं. साहेब म्हणाले, "मग बदला."

बदललं. "लिफ्टमध्ये कोणी अडकले असेल तर लगेच बोलवा — ती व्यक्ती शांत असली, घाई नाही म्हणाली, तरीही. दिवा, आवाज, आरसा यांसाठी बोलवू नका, तक्रार नोंदवा. शंका असेल तर बोलवा." वीस जुन्या तक्रारी चालवून पाहिल्या. एकोणीस बरोबर. विसाव्याला लिफ्टमध्ये मांजर होतं, तरी बोलावलंच त्यानं. मेकॅनिक म्हणाला, "असू द्या. मांजरासाठी येईन मी."

पण ती ओळ डोक्यातून जाईना. घाई नाही, जमलं तर बघा. हे असं कोण बोलतं? आई बोलते! चार वाजताच निघाले, तडक तिच्याकडे.

उजवं मनगट सुजून टम्म. ओढणीनं बांधलेलं. गुरुवारी न्हाणीघरात घसरली. गुरुवारी! "तातडीचं कुठे होतं? डाव्या हातानं चाललंय की." तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले हिनं, आणि स्वतःसाठी एक फोन करवेना. ओरडले तिच्यावर. मग तिथेच मोरीशी बसून रडले. माझीच चूक, तीच चूक, दोनदा.

हाड मोडलंय. प्लास्टर.

बुधवार, १३ नोव्हेंबर

रजा. आईच्या फोनशेजारी कागद चिकटवला. ऑफिसात फोन कधी करायचा — पडलीस तर, चक्कर आली तर, कुठेही दुखलं तर, औषध संपलं तर. किरकोळ वाटलं तरीही. शंका असेल तर कर.

चष्मा लावून दोनदा वाचलं तिनं. "छान लिहिलंयस. स्पष्ट."

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज त्या कागदावर खाली पेन्सिलीनं एक ओळ जास्तीची. डाव्या हातानं, वेडीवाकडी — "करमत नसेल तर?"

शेगडी. स्वेटर. आणि तो तिसरा फोन, न ऐकलेला.

मी पेन घेतलं, प्रश्नचिन्ह खोडलं, पुढे लिहिलं — लगेच.