हळू वाजलेली घंटा

अहो पाळकसाहेब,

तो रविवार आठवतो ना? तुम्ही ओट्यावर बसून काळ्या बुटांना खोबरेल तेल चोळत होतात. पॉलिशची डबी संपलेली, आणि तेवढ्यासाठी सेनगावला कोण जाणार? मी आत भाकरीचं पीठ मळत होते. "बुटांना मुंग्या लागतील," मी म्हणाले. "लागू देत. मुंग्या तरी येतील उपासनेला," तुम्ही म्हणालात. मी हसले नाही. आता वाटतं, हसायला हवं होतं.

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. पाळकाचं घर आता नव्या पाळकाला, शमुवेलला, द्यायचं आहे आणि मला आपल्या रूथकडे नांदेडला जायचं आहे. काल सामान आवरताना तुमच्या बायबलच्या कापडी कव्हरमधून एक घडी घातलेला कागद पडला. अक्षर माझं होतं. तुमचा राजीनामा!

फाडून टाकला म्हणाला होतात ना मला? पाळक असून बायकोशी खोटं?

त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही सांगत गेलात आणि मी लिहीत गेले. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी छडी घेऊन वळवलेलं माझं अक्षर, त्यामुळे चर्चच्या ऑफिसची सगळी पत्रं माझ्याकडेच असायची. 'प्रकृतीच्या कारणास्तव मला सेवेतून मुक्त करावे.' तुमचा आवाज मध्येच थांबत होता, माझा हात मात्र थांबला नाही. कागदावर एकही खाडाखोड नाही. मला सुटायचं होतं हो! हिंगोली तेव्हा जिल्हाही झाला नव्हता, आपलं गाव तर कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं. रूथला शिकवायचं कुठे, या काळजीने मी सुकत चालले होते.

आणखी एक सांगायचं राहिलं. तीन रविवार चर्चमध्ये कोणीच आलं नव्हतं. त्या न येणाऱ्यांत मीही होते. तापाचं निमित्त होतं, पण ताप पहिल्याच आठवड्यात उतरला होता. रिकाम्या सतरंजीपुढे तुम्हाला उभं राहिलेलं मला बघवत नव्हतं. हे तुम्हाला कळलं होतं का? विचारलं नाहीत कधी.

बूट घालून तुम्ही घंटा वाजवायला गेलात. आपली घंटा कसली, लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा! उपासनेला भरभर ठोके आणि कोणी वारलं की एक ठोका, मग थांबायचं, मग दुसरा. सगळ्या गावाला हे ठाऊक. त्या दिवशी तुमच्या हातात भरभर वाजवायचं बळच नव्हतं. एक ठोका मारलात. किती तरी वेळाने दुसरा. मला आत ऐकू येत होतं. तरी मी पीठच मळत राहिले.

आणि माणसं धावत आली!

सगळ्यात पुढे आपल्या मंडळीतला हनमंता. तुरीच्या रानातून थेट, खांद्यावर कुदळ आणि फावडं. "पाळकसाब, कोन गेलं? बाई गेल्या का?" मला ताप असल्याचं त्याच्या कानावर होतं. गलका ऐकून मी पिठाचे हात घेऊन बाहेर आले, तर समोर धनगराची गयाबाई. मेंढरं तशीच रानात सोडून आलेली, डोळ्यांना पदर लावलेला. मला पाहून किंचाळलीच.

"अगं बया! ही तर जित्ती हाय! आन् मी वढ्यापासून हिच्या नावानं रडत आले की!"

तुम्ही हातात ठोके द्यायची सळई घेऊन उभे, चेहरा पांढराफटक. "कोणी गेलं नाही. उपासनेची घंटा होती."

"मंग अशी काहून वाजवून राहिले?" हनमंता घाम पुसत म्हणाला. "जीव गेला की आमचा! मी खड्डा खंदायच्या तयारीनं आलो."

"तीन रविवार तुम्ही कोणी आला नाहीत, हनमंता." किती हळू बोललात तुम्ही!

तो गोंधळलाच. "तुरी सोंगून राहिलो ना, साब. अन् तुमी हितं हायेत की! तुमी हायेत म्हून तर आमी रानात बिनघोर ऱ्हातो. लेकरू आजारी पडलं, तुमी हायेत. कोनी मेलं, तुमी हायेत. तुमी न्हाई असं कवा झालं का?"

गयाबाईने फडक्यातली भाकरी माझ्या हातात दिली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून तिने स्वतःची रानातली न्याहारी आणली होती. तिचा देव वेगळा, पण सतरंजीवर पहिली तीच बसली. "आता आलोच हाय तर सांगा काय सांगायचं ते. मेंढरं वाट बघून राहिली." त्या दिवशी तुम्हाला उपदेश जमला नाही. प्रार्थनेतच रडलात. पण संध्याकाळी राजीनामा फाडून टाकला एवढंच म्हणालात, आणि नंतर कधी तो विषय काढला नाहीत.

कागद उलटा केला, तर मागे तुमचं अक्षर. त्या दिवशी आलेल्यांची नावं. 'हनमंता, कुदळ-फावडं. गयाबाई, तिची भाकरी.' अशी खालपर्यंत. आणि शेवटी, 'एस्तेर. पिठाच्या हातांनी.'

मीही आले होते, असंच धरलंत तुम्ही!

तुम्ही गेलात तेव्हा ते हळू ठोके मी दिले. दुसऱ्या कोणाला देऊ दिले नाहीत. गयाबाई आता वाकली आहे, काठी टेकत आली. माझा हात धरून म्हणाली, "बाई, मागल्यावानी चुकून वाजली म्हना की!"

शमुवेल काल आला होता. म्हणाला, "ताई, चार-पाचच लोक येतात. मी परत जावं म्हणतो." तुमचाच आवाज वाटला मला.

आता तुमच्या सामानाची वाटणी करते. सायकल हनमंताला, चेन तेवढी बदलून. शाल गयाबाईला, थंडीच्या आत. बाजाची पेटी रूथला, तिच्या मुलाने वाजवली नाही तरी. बूट कोणाला देणार नाही, ते माझ्याबरोबर येतील. बायबल आणि सळई शमुवेलला. आणि हा कागदही त्यालाच. पुढून वाचून झाल्यावर उलटा करायला सांगेन.

नांदेडला थोडी उशिरा जाईन. रूथला कळवलं आहे. तोवरचा एकही रविवार चुकवणार नाही. शमुवेल उपासनेला उभा राहील तेव्हा सतरंजीवर पुढे मी बसलेली असेन, हा माझा शब्द.

तुमची,
एस्तेर